वस्तादांच्या छातीवरचा कॅमेरा

चैत्र लागला. काल बाजारातून घरी येताना कुठूनतरी हलगी ऐकू आली आणि माझं तोंड कडू झालं. बायको म्हणाली, "पित्त झालंय तुम्हाला. उपाशीपोटी चहा ढोसता ना सकाळी." मी हो म्हणालो. पित्त म्हटलं की निदान गोळी तरी मिळते.

तिसगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, जागरण-गोंधळ, सगळ्याचं शूटिंग मी करतो. चैत्र-वैशाखात जत्रा असतात. एका गावची पालखी देवळात गेली की दुसऱ्या गावाची काठी निघते आणि आम्ही कॅमेरेवाले बॅटऱ्या चार्ज करत गावोगाव हिंडतो. या दिवसांत इतरांना गुलाल, रेवड्या, आकाशपाळणे आठवत असतील. मला घाम आठवतो. माझा नव्हे, एका ढेरपोट्या माणसाचा घाम. तो कॅमेऱ्याच्या पट्ट्यात मुरला होता. मी साबणाने, लिंबाने, सोड्याने तो पट्टा धुतला, उन्हात वाळवला, तरी नाकाशी नेला की वास यायचाच. शेवटी उकिरड्यावर फेकून दिला.

जत्रेचा मला पहिल्यापासून तिटकारा होता असं नाही. लहानपणी कुस्त्यांच्या हगाम्याला आम्ही आखाड्याच्या कडेला पहिल्या रांगेत बसायचो. लाल मातीत हळद, ताक आणि तेल घालून ती खोऱ्याने खालीवर केलेली असायची. ऊन तापलं की तिचा एक आंबूस, गोडसर वास सुटायचा. पैलवान सलामीला वाकून मूठभर माती उचलायचे आणि एकमेकांच्या मानेवर टाकायचे, तेव्हा थोडी आमच्याही डोक्यावर पडायची. ती झटकायची नाही असा आमचा नियम होता. घरी आईने डोकं धुतल्यावर लाल पाणी निघायचं आणि आम्हाला उगीच आपणच कुस्ती मारून आल्यासारखं वाटायचं.

आता आखाड्याच्या आधी फ्लेक्स दिसतात. आखाड्याच्या चारी बाजूंना चेहरे, प्रत्येक चेहऱ्याला गॉगल, प्रत्येक गॉगलखाली हात जोडलेले. ज्यांची कुस्ती आहे ते पैलवान खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढे. व्यासपीठावर सोफे. सोफ्यांसमोर टीपॉय, टीपॉयवर काजू. निवेदकाच्या तोंडात माईक असा घुसलेला की त्याने श्वास घेतला तरी गावभर ऐकू जातं. कुस्ती ऐन रंगात आली की हमखास कुणाचंतरी आगमन होतं. मग शाल, नारळ, फेटा आणि टाळ्या. मातीत दोन माणसं एकमेकांच्या बरगड्या मोडत असतात आणि माईकवरून एका साहेबांच्या साधेपणाचं वर्णन चालू असतं. मला या सगळ्याची शिसारी येते. बोलून दाखवत नाही, कारण या सगळ्याचंच शूटिंग करून मी खातो.

तो घाम मुरला त्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रा कमिटीने नवीन टूम काढली. "औंदा कुस्त्या मोबाईलवर टाकायच्यात. पार आखाड्यात उभं राहिल्यावानी दिसलं पाहिजे. तुझ्या त्या खांद्यावरच्या पेटाऱ्यात नुसत्या पाठी दिसत्यात." त्यांचं चूक नव्हतं. काठावरून घेतलेल्या कुस्तीत पाठी, पोटऱ्या आणि मध्येच आडव्या येणाऱ्या पंचांचं बूड, एवढंच येतं. म्हणून मी नगरला जाऊन काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा ॲक्शन कॅमेरा घेतला.

दुकानदाराने मला पडद्यावर गोरी माणसं दाखवली. कुणी बर्फावरून घसरतंय, कुणी समुद्रात उडी घेतंय, कुणी कड्यावरून सायकल फेकतंय. म्हणाला, "हेल्मेटला लावा, सायकलच्या दांडीला लावा, छातीला लावा." कुत्र्याच्या पाठीला बांधायचा पट्टासुद्धा होता त्याच्याकडे. मी म्हणालो, "लंगोटाला लावायचा काही आहे का?" तो हसला नाही. पाथर्डी तालुक्यात बर्फ नाही, समुद्र नाही आणि पैलवानाच्या अंगावर कॅमेरा अडकवायला जागाच नाही. अंग तेलकट, आणि जे काही अडकवाल ते पहिल्याच पटाला मातीत जाणार. दोघांपैकी एकाच्या बरगडीतही जाईल. बाहेरच्या लोकांनी आपल्या खेळांसाठी तयार केलेली वस्तू आपल्या खेळाला लावायची तर ती लावायची कुठं, हा प्रश्न मी तिसगावपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आलो.

त्याच महिन्यात आधी झालेल्या एक-दोन लहान जत्रांत मी सगळे प्रयोग करून पाहिले. मांडवाच्या बांबूला बांधला, तर वरून फक्त दोन टकली दिसली. शिवाय बांबूला पोरं लोंबकळत होती, त्यामुळे अख्खा आखाडा झुल्यावर बसल्यासारखा. हलगीवाल्याच्या छातीला लावला, तर प्रत्येक ठेक्याला चित्राला उचकी. कुणीतरी ड्रोन आणला. त्याच्या वाऱ्याने माती उडून पैलवानांच्या डोळ्यांत गेली आणि एका म्हाताऱ्याने चप्पल फेकून त्याला पिटाळलं. राहिले पंच. कुस्ती सुरू असताना पैलवानांच्या हातभर अंतरावर जायची मुभा फक्त त्यांनाच असते. फेट्यावर चिकटवला तर पहिल्यांदा वाकताक्षणी फेटा आणि कॅमेरा दोन्ही खाली. म्हणजे उरली छाती.

आता हे पंच. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. नगरला त्यांची तालीम आहे, तालुक्यातल्या हगाम्यांत पंच म्हणून त्यांनाच बोलावतात. तरुणपणी म्हणे चांगले पैलवान होते. आता अंगातलं सगळं पोटात उतरलेलं. छातीला पट्टा बांधला की कॅमेरा पोटावर टेकायचा आणि सरळ आभाळाकडे बघायचा. मग मी हातरुमालाची घडी करून कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूने सारली, भिंग खाली झुकवलं. वस्ताद हात वर करून उभे आणि मी त्यांच्या पोटाशी खाटखूट करतोय. घामाचा तो वास तेव्हापासूनचा. ते खुशीत होते. "माजी एन्ट्री स्लो मोशनमधी घेशील ना रं?" हे त्यांनी पट्टा बांधून होईपर्यंत किती वेळा विचारलं देव जाणे.

एक गोष्ट मी त्या दिवशी निव्वळ धंद्याच्या अकलेने केली. कॅमेऱ्याला पाण्यापासून वाचवणारं एक बंद कव्हर असतं. ते लावलं की आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मला हलगी स्वच्छ हवी होती, म्हणून मी बंद कव्हर काढून उघडी चौकट लावली. कॅमेऱ्याला कान आहेत हे वस्तादांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांचं तरी काय, आमच्या भागात ते कुणाच्याच डोक्यात येत नाही. लग्नाच्या कॅसेटचं युग गेलं, पेनड्राइव्हचं आलं, तरी आमच्याकडे शूटिंगला आवाज नसतोच. शूटिंगला गाणं असतं. नवरीचा बाप मांडवात सोयऱ्यांना शिव्या देत असतो आणि व्हिडिओत त्याच्यावर सनई वाजते. वर्षानुवर्षं आम्हीच लोकांना शिकवलं आहे की कॅमेऱ्यापुढे चेहरा सांभाळला की झालं, जीभ सांभाळायची गरज नाही.

शेवटची कुस्ती अंकुशची होती. अंकुश आमच्या वाडीवरचा. बाप लवकर गेला. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं. मायलेक मिळून ऊस तोडायला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. यांचा कोयता आई आणि मुलाचा. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं आणि कारखान्याच्या कडेला पालात राहायचं. मग उन्हाळा लागला की परत. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढता चढता त्याची मान अशी तयार झाली होती की भलाभला पैलवान ती वळवू शकत नसे. व्यायाम त्याने तोडीवरच केला, फडातल्या सरीत जोर मारून. त्याचं एकच म्हणणं होतं. नगरच्या तालमीत जागा मिळाली तर खुराकाचं आणि राहण्याचं तालीम बघते. मग आईला कोयता घ्यायला लागणार नाही, ती बहिणीकडे राहील. आणि जागा द्यायची की नाही हे वस्तादांच्या हातात.

समोर पाहुणा पैलवान होता. शेवटच्या कुस्तीचं इनाम ज्या साहेबांनी लावलं होतं त्यांनीच पोसलेला. साहेब स्वतः सोफ्यावर. गावाला वाटत होतं अंकुश फार टिकायचा नाही. पण त्याने सुरुवातीलाच एकेरी पट काढला, एक पाय खेचून पाहुण्याला खाली घेतलं आणि पाठीवर बसून कब्जा केला. लोक उठून उभे राहिले. हलगीवाला नाचायला लागला. निवेदकालाही साहेबांचा साधेपणा सुचेना. मी काठावर माझा जुना पेटारा खांद्यावर घेऊन उभा होतो आणि मला लहानपणी डोक्यावर पडलेली माती आठवत होती. मग कुस्ती तशीच रेंगाळली. वस्ताद एकदा वाकले, दोनदा वाकले. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले. बरोबरीत सोडवली. लोकांनी थोडा आरडाओरडा केला आणि मग मटण खायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी कानाला हेडफोन लावून ते चित्र बघायला बसलो. चित्र खरंच झकास आलं होतं. इतक्या जवळून कुस्ती मी आयुष्यात पाहिली नव्हती. घामावर चिकटलेला मातीचा कण न् कण. अंकुश पाहुण्याच्या पाठीवर, स्वतःचं तोंड त्याच्या खांद्याशेजारी मातीत दाबलेलं, पाठीवर उलथवणारा घिस्सा ओढायला हात जागेवर बसलेला. आता पलटी पडणार. आणि माझ्या कानात आवाज आला. कॅमेरा छातीला बांधलेला, त्यामुळे तो तोंडातून नव्हे, पोटातून आल्यासारखा वाटत होता.

"ढिला सोड. सायबाचा गडी हाय. मी बरोबरीत सोडवतो."

अंकुशचा फक्त धापांचा आवाज.

"तुजं तालमीचं मी बघतो. शब्द देतो. सोड ढिला."

आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ एक ढेकर. दुपारच्या जेवणाचा, सविस्तर ढेकर. मला अजून ठरवता आलेलं नाही की मला जास्त ओकारी कशाची आली, त्या बोलण्याची की त्या ढेकराची. माणूस एवढं मोठं पाप करताना निदान उपाशी तरी असावा.

चित्रात पुढे अंकुश मातीतून तोंड वर काढतो. वस्ताद त्याच्यावर वाकलेले, म्हणजे तो बघतो ते थेट कॅमेऱ्याच्या भिंगात. डोळ्यांच्या कडांना माती. क्षणभर बघत राहतो आणि मान हलवतो. हो. मग त्याचे हात सैल होतात.

वस्ताद आठवड्याने स्टुडिओत आले, त्यांच्या एन्ट्रीचं काय झालं ते बघायला. मी म्हणालो, "वस्ताद, आवाज पण आलाय यात. तुम्ही अंकुशला बोललात तो." वाटलं होतं चेहरा उतरेल, निदान खोटं तरी बोलतील. त्यांनी खुर्चीत बूड सारखं केलं आणि म्हणाले, "आला आसंल. मग काढ की. तुज्याकडं गानी कमी हाईत का?" आणि मोबाईल पुढे करून विचारलं, "ह्याच्यात बसंल ना एन्ट्री?" मी तोपर्यंत समजत होतो की वाईट माणसाला पकडलं की तो दचकतो. दचकायला आत काहीतरी शिल्लक लागतं. कमिटीच्या व्हिडिओवर मी गाणं टाकलं. मूळ चित्र मात्र आवाजासकट तसंच ठेवलं.

आषाढात अंकुश नगरला तालमीत जाऊन आला. वस्तादांनी त्याला दारातच उभं केलं. "बरोबरीतल्या पैलवानाला ठिवून करू काय मी? कुनाला तरी चितपट करून ये आदी." हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. त्याला समोर बसवलं, हेडफोन दिला आणि मूळ चित्र लावलं. म्हणालो, "हे सगळ्या गावापुढे लावू. पुढच्या जत्रेची कशाला वाट बघायची, ग्रामसभेत लावू."

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून नीट घडी घातली.

"आवाज काढून टाक, दादा."

"अरे, त्याने तुला शब्द दिला होता. पुरावा आहे हा."

"त्यानं काय दिलं ते दाखवाय गेलो तर म्या काय दिलं ते बी दिसंल की. गाव काय म्हनंल? अंकुशनं कुस्ती इकली म्हनंल."

"तू विकली नाहीस. त्याने फसवलं तुला."

"म्या व्हय म्हनलो न्हवं?"

त्याच्या देखत मी आवाज पुसला. आवाज पुसायला एक बटण दाबावं लागतं, मग यंत्र विचारतं की नक्की का, मग आणखी एक बटण. चांगल्या माणसाला गप्प करून वाईट माणसाला साळसूद करायची इतकी सोय आपण करून ठेवली आहे, याचा मला त्या दिवशी जेवढा वीट आला तेवढा ना फ्लेक्सचा आला ना काजूंचा. छातीचा पट्टा मी उकिरड्यावर फेकला तो त्याच संध्याकाळी.

लोक मला अजून विचारतात, कुस्तीला कॅमेरा कुठं लावावा. नव्याने धंद्यात आलेली मंडळी तर फोन करून विचारतात. मी सांगतो, लांब लावा. काठावर, तिवईवर. पाठी दिसू द्या, पोटऱ्या दिसू द्या, पंचांचं बूडही दिसू द्या. काही खेळ लांबूनच बघण्याजोगे राहिलेत. त्यांना वाटतं मी धंद्याची गोम लपवतोय.

दसरा झाला. ट्रॅक्टर आले. वाडीवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पत्रे, सगळं ट्रॉल्यांत चढायला लागलं. त्या गडबडीत अंकुशची आई स्टुडिओत आली. मागून अंकुश. ती खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभीच.

"सुनील बाबा, माज्या पोराची कुस्ती दाव की मला. सारं गाव म्हनतंय लई रंगली. आमा बायांना कुठं आखाड्याकडं फिरकू देत्यात? एवड्या वर्सात म्या त्याची एक बी कुस्ती बघितली न्हाई."

मी अंकुशकडे बघितलं. तो म्हणाला, "दाव. गानं बी नगं."

मी लावलं. आवाज नाही, गाणं नाही, नुसती माणसं. ती स्क्रीनच्या इतकी जवळ आली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. पदराने पुसली. "ह्यो त्यो पाव्हना व्हय? केवडा दांडगा हाय." अंकुशने पट काढला तेव्हा तिने स्वतःचाच दंड धरला. त्याचं तोंड मातीत गेलं की ती जिभेने च्च च्च करायची. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आता वीज जावी. आमच्याकडे नको तेव्हा जाते, तेव्हा गेली नाही.

अंकुशने मातीतून तोंड वर काढलं आणि सरळ समोर पाहिलं.

"आगं बया," ती म्हणाली, "माज्याकडंच बघतुय!"

त्याने मान हलवली.

"व्हय म्हनतुय बघ मला." ती काचेवरच्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवून हसायला लागली. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. मग मागे वळून म्हणाली, "काय इचारलं हुतं रं म्या तुला?"

अंकुश पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसला होता. त्याने पडद्यावरची नजर काढली नाही.

"जेवला का, म्हनून," तो म्हणाला.